शेण-काडाचा ढीग तापतच नाही, आतून घाण वास, चुकतंय कुठे?

पडीक_रान
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय कारण आता डोकं चालेना. गोठ्यात पाच जनावरं आहेत, शेण भरपूर, रानात गव्हाचं काड पडलेलं, ते जाळायचं नाही हे पक्कं ठरवलेलं म्हणून दोन्हीचं मिळून कंपोस्ट करायला घेतलं. खाली काडाचा थर, वर शेणाचा चांगला वीतभर थर, परत काड, परत शेण असं करत छातीएवढा ढीग लावला, वरून कुजवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर शिंपडलं आणि सुकू नये म्हणून रोज पाणी मारलं. आज दोन महिने झाले. काल मधोमध खोदलं तर आत शेण हिरवंगार, टाकलं तसंच, नासक्या अंड्यासारखा वास, काड पिवळंच आणि बुळबुळीत. कडेचं मात्र कोरडं ठणठणीत. हात घातला तर गार लागतंय. गेल्या वर्षी असंच अर्धवट खत मक्याला टाकलं आणि मका महिनाभर पिवळा पडून नुसता उभा राहिला, त्यामुळे यंदा घाई करायची नाहीये. काय चुकलं सांगा, कल्चर बदलू का?

वखरपाळी
कल्चरचं नंतर बघू. आधी तीन गोष्टी सांगा. काडाची लांबी किती? आतलं मूठभर काढून पिळलं तर पाणी किती निघतं? आणि दोन महिन्यांत एकदा तरी ढीग वरखाली केला का?

पडीक_रान
काड लांबच आहे, मळणीतून आलं तसं, फूट-दीड फूट. पिळल्यावर धार लागते. वरखाली नाही केलं, थर मोडतील असं वाटलं.

वखरपाळी
सापडलं मग. दादा, थर मोडायलाच पाहिजेत. ओल्या शेणाचा वीतभर थर म्हणजे सारवलेली जमीनच समजा, त्यातून हवा जात नाही. तुमच्या ढिगात शेण एका खोलीत आणि काड दुसऱ्या खोलीत राहतंय, दोघांची भेटच नाही. कुजवणारे जिवाणू शेणात आहेत, त्यांना नत्रही (नायट्रोजन) शेणातूनच मिळतं, पण त्यांना लागणारा कर्ब (कार्बन) काडात आहे, आणि हे सगळं चालायला हवा लागते. हवा संपली की दुसऱ्या जातीचे जिवाणू ताबा घेतात, ते हवेशिवाय जगतात, काम अगदी सावकाश करतात, उष्णता फारशी होत नाही आणि तो नासक्या अंड्याचा वास त्यांचाच. गार ढीग आणि हा वास ही एकच तक्रार आहे.

त्यात तुम्ही रोज पाणी घातलंत. ताज्या शेणात मुळातच शंभरातले ८० भाग पाणी असतं. ढिगाला एकूण ५० ते ६० टक्के ओल पुरते, ६५ पर्यंत काडासारख्या फुगीर मालात चालून जातं, त्याच्या वर गेलं की पोकळीत हवेच्या जागी पाणी बसतं. मूठ दाबून बघायची, बोटांच्या फटीत चकाकी दिसावी, फार तर एखाद-दोन थेंब पडावेत. धार लागली तर जास्त, आणि मूठ उघडल्याबरोबर गोळा सुटून पडला तर कमी.

आता करायचं काय, तर पूर्ण ढीग मोडा. दाताळ्याने शेणाची ढेकळं फोडा, कोरडं काड आणखी घ्या, त्याची दोन-तीन बोटं लांबीची कुट्टी करा (कुट्टी मशीन नसेल तर जमिनीवर पसरून ट्रॅक्टर दोन-चार वेळा फिरवला तरी काड चेचून निघतं) आणि सगळं कालवून परत लावा. तळाला मात्र वीतभर जाडं काही ठेवा, तुराट्या, पऱ्हाट्या, मक्याची ताटं, काहीही, म्हणजे खालून हवा ओढली जाते. उंची कमरेच्या थोडी वर, चार-साडेचार फूट, रुंदी पाच-सहा फूट, लांबी हवी तेवढी. फार उंच केला तर स्वतःच्याच वजनाने तळ दाबतो. पाणी आता अजिबात नको.

गोठ्यातून
वखरपाळी यांना +१. आमच्याकडेही पहिली दोन वर्षं हेच झालं, आम्हीही थरांच्या चित्रावरच विश्वास ठेवला होता. त्या चित्रांमुळे फार लोक फसतात हो. थर लावायला सांगतात ते माप कळावं म्हणून, एवढ्या काडाला एवढं शेण. थर लावायचेच असतील तर शेण पाण्यात कालवून पातळ सडा काडावर शिंपडा, थापी मारू नका.

अजून एक, मूत्र कुठे जातंय तुमचं? जनावर जे नत्र बाहेर टाकतं त्यातलं निम्म्याच्या आसपास मूत्रातून जातं, आणि पालाश (पोटॅश) तर बहुतेक मूत्रातूनच. गोठ्यातून नाली काढून ते वाहून जाऊ दिलं तर अर्धं खत तिथेच गेलं. आम्ही जनावरांखाली कुट्टी पसरतो, ती मूत्र पिते, दोन दिवसांनी तीच उचलून ढिगात. काड भिजवायला वेगळं पाणी लागत नाही आणि शेणाशी आपोआप कालवलं जातं. जनावरांना खाली मऊ कोरडं मिळतं ते वेगळंच.

पडीक_रान
मूत्र सगळं नालीने जातंय ताई. हे कुणी सांगितलंच नव्हतं. उद्यापासून बिछाना टाकतो. पण काड किती आणि शेण किती? कुणी म्हणतं एकाला दोन, कुणी म्हणतं दहाला एक.

आकडेमोड
दोघंही बरोबर असू शकतात, कारण एक जण घमेल्याने मोजतोय आणि दुसरा काट्यावर. हा विषय माझा फार जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा लांबण लावतो.

जिवाणूंना साधारण ३० भाग कर्बाला १ भाग नत्र असा आहार मानवतो, २५ ते ३० म्हणतात. ताज्या शेणात हे गुणोत्तर २० च्या आसपास असतं, गव्हाच्या काडात ८० ते १०० च्या घरात. आता हिशोब करू. ३०० किलो ताजं शेण घ्या. त्यात कोरडा भाग ६० किलो, त्यातला कर्ब साधारण २४ किलो आणि नत्र १.२ किलो. १०० किलो काडात कर्ब साधारण ४० किलो, नत्र ०.४५ किलो. आता ३०० किलो शेणात ४० किलो काड मिसळलं तर कर्ब ४०, नत्र १.३८, म्हणजे गुणोत्तर २९. पुस्तकी हिशोबात उत्तम. पण ओल काढून बघा, ती येते ७२ टक्के! म्हणजे गुणोत्तर अगदी बरोबर आणि ढीग तरीही बुडालेला. मला वाटतं बहुतेकांचे ढीग इथेच मरतात, सगळे त्या ३० च्या आकड्यामागे लागतात आणि पाणी कुणी मोजत नाही.

ओल ६० वर आणायची तर त्याच शेणाला १२० किलो काड लागतं, पण मग गुणोत्तर ४१ होतं. मधला रस्ता ८० किलो काडाचा, ओल ६५ आणि गुणोत्तर ३६. हे चालतं, खरंच चालतं, कारण काडातला बराच कर्ब लिग्निनमध्ये (काडाला ताठ ठेवणारा चिवट भाग) अडकलेला असतो, जिवाणूंच्या ताटात तो लगेच येतच नाही, त्यामुळे कागदावर ३६ दिसलं तरी त्यांना तेवढं वाटत नाही. वेळ थोडा जास्त लागेल एवढंच.

म्हणजे वजनात जवळपास चाराला एक. आणि घमेल्याने मोजाल तर उलटं दिसेल, कारण मोकळं काड हलकं असतं, ८० किलो काडाचा ढीग ३०० किलो शेणापेक्षा कित्येक पट मोठा दिसतो. आकडे अंदाजाचे आहेत, तुमचं शेण पातळ असेल तर काड वाढवा, शेवटी मूठ दाबून ठरवायचं.

वखरपाळी
हे पाण्याचं गणित मी कधी मांडून बघितलं नव्हतं. हाताला जे कळायचं त्याला आता आकडा मिळाला. धन्यवाद.

परसदार
मग शेंगवर्गीय पिकाचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, वापरलं तर? सोयाबीन, तूर, हरभरा वगैरे. त्यात नत्र जास्त असतं ना.

आकडेमोड
अगदी मुद्द्याचं विचारलंत. शेंगवर्गीय कुटारात नत्र काडाच्या जवळपास दुप्पट धरा, एक टक्का. ३०० किलो शेणाला १०० किलो कुटार घातलं तर गुणोत्तर ३०-३१ आणि ओल ६२-६३. दोन्ही एकाच वेळी जमतं! त्यामुळे ज्याच्याकडे कुटार आहे त्याने काड आणि कुटार निम्मं-निम्मं करावं. जनावरांना चारायला लागत असेल तर ते आधी, उरलेलं ढिगाला.

आणि नुसतं काडच असेल तर शेण दोन-तीन दिवस सावलीत पसरून थोडं आटवून घ्या, उन्हात कडकडीत वाळवू नका, नत्र उडून जातं.

बांधावरचा
एक विचारतो, राग मानू नका. आमच्या आज्याच्या वेळेपासून खड्ड्यात टाकतोय, कधी कुणी पलटी मारली नाही, वर्षाने काढलं की काळं खत तयार. मग हे मोजमाप, कुट्टी, वरखाली कशासाठी? मजूर कुठून आणायचे?

वखरपाळी
राग कसला. खड्ड्यात खत होतंच, फक्त सावकाश, आणि त्यात तण उगवायची शक्ती शिल्लक राहते. तणाचं बी आणि रोगाचे जंतू मरायला ढीग ५५ अंशांच्या वर काही दिवस राहावा लागतो, आणि बाहेरचा माल आत जायला पलटी लागते, नाहीतर कडेचं बी कडेलाच जिवंत राहतं. तुमच्या वर्षभर मुरलेल्या खतातून रानात गवत येतं का ते बघा, येत नसेल तर तुमची पद्धत उत्तम चाललीय.

गोठ्यातून
हा वाद शंभर वर्षं जुना आहे. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत जी पद्धत बसवली ती पलटी मारायची, हवेवर चालणारी, तीन महिन्यांत खत. नंतर १९३९ साली सी. एन. आचार्य यांनी बंगळूरला दुसरी पद्धत मांडली, खंदकात भरून वरून चिखलाने लिंपून टाकायचं, पलटी नाही, सहा-आठ महिने वाट बघायची. ती मुळात शहरातल्या मैला-कचऱ्यासाठी होती. तिच्यात मजुरी वाचते, नत्र कमी उडतं, ओल टिकते, पण वेळ लागतो. आणि तिसरी नाडेप, पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची, विटांच्या भिंतीत भोकं ठेवून बांधलेला १० बाय ६ बाय ३ फुटांचा हौद, पलटी न मारता भोकांतून हवा मिळते. त्यात शेण साधारण १०० किलोच लागतं, बाकी सगळा काडीकचरा आणि माती. म्हणजे ज्याच्याकडे जनावर एखादंच आणि कचरा भरपूर त्याला नाडेप, ज्याच्याकडे शेण भरपूर त्याला उघडा ढीग आणि पलटी, ज्याच्याकडे माणूस नाही पण जागा आणि वेळ आहे त्याने खड्डा. मला यात कुणीच चूक वाटत नाही.

बांधावरचा
हे पटलं. आमच्याकडे गवत येतं खरं, कुंदा आणि हराळी तर फार.

वखरपाळी
हराळीचे कांडे आणि कुंद्याच्या गाठी ढिगात टाकूच नका, कडेला पडलेली एक गाठ पुरते. आधी उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच.

पडीक_रान
(पाच दिवसांनी) मंडळी, रविवारी चौघांनी मिळून ढीग मोडला. आत इतकं पाणी होतं की खालून काळं ओघळ निघालं. ट्रॅक्टर फिरवून चेचलेलं काड घातलं, साधारण चाराला एक, तळाला तुराट्या. काल सकाळी लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी काढली तर हातात धरवेना! थर्मामीटर मिळवला, मधोमध ६१ अंश. घरातले सगळे बघायला आले होते, वाफ निघतेय. वास बदललाय, पण आता गोठ्यात येतो तसा डोळ्याला झोंबणारा वास येतोय. हे बरोबर आहे का?

आकडेमोड
अभिनंदन! झोंबणारा वास अमोनियाचा, म्हणजे नत्र उडतंय. जुन्या साचलेल्या शेणाला एकदम हवा मिळाली की पहिले काही दिवस होतं असं. वरून चार बोटं कोरडी कुट्टी आणि तिच्यावर मातीचा किंवा जुन्या मुरलेल्या खताचा पातळ थर द्या, वर येणारा अमोनिया तो धरतो. आणि चुलीतली राख किंवा चुना घालायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्याने ढीग अल्कधर्मी होतो आणि अमोनिया दुप्पट जोरात सुटतो. राख द्यायचीच तर तयार खताबरोबर रानात, तीही थोडी.

वखरपाळी
६१ छान. ६५ च्या वर जाऊ लागला तर लगेच पलटी मारा, त्याच्यापुढे कामाचेच जिवाणू मरायला लागतात. पहिले दोन आठवडे तीन-चार दिवसांनी पलटी, नंतर आठवड्याने, नंतर पंधरवड्याने. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमात उघड्या ढिगासाठी १५ दिवस ५५ अंशांच्या वर आणि त्या काळात किमान ५ पलट्या असं लिहिलंय, ते माप धरलं तर तण आणि जंतू दोन्हींची काळजी मिटते. तोंडाला रुमाल बांधा पलटी मारताना, त्या वाफेत बुरशीचे बीजाणू असतात, छातीत जातात. पायात बूट, हातात हातमोजे, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. हे मी कळकळीने सांगतोय.

पाऊस असेल तर ताडपत्री टाका, पण कडा उघड्या ठेवून. ढिगातून जे काळं पाणी वाहतं त्यात पालाश आणि नत्र असतं. आणि ढीग विहिरीपासून, ओढ्यापासून लांब.

परसदार
माझ्याकडे एकच गाय आहे, ढीग छोटाच होतो, दोन बाय दोन फूट. तो कोमटच राहतो.

वखरपाळी
ताई, उष्णता धरायला कमीत कमी मीटर बाय मीटर बाय मीटर माल लागतो. छोट्याची उष्णता कडेने निघून जाते. महिनाभर काड आणि बिछाना एका बाजूला साठवा आणि एकदाच मोठा लावा, किंवा चारी बाजूंनी काडाच्या पेंढ्या उभ्या करा, पांघरुणाचं काम करतात.

बांधावरचा
माझ्या खड्ड्यात पांढऱ्या जाड अळ्या निघतात, ती हुमणीच ना? रानात जाऊन मुळं खाईल म्हणून भीती वाटते.

गोठ्यातून
सगळ्याच हुमणी नसतात. अळी सपाट जमिनीवर सोडून बघा. पाठीवर उताणी होऊन सरपटत गेली तर ती कुजका काडीकचरा खाणारी, ढिगाची मदतनीसच. वाकडी होऊन एका कुशीवर पडून राहिली तर संशय धरा, वेचून काढा. गेंड्या भुंग्याच्या अळ्याही शेणखतात वाढतात, त्या बोटाएवढ्या जाड होतात, नारळाची झाडं जवळ असतील तर त्या ठेवू नका. नीट तापलेल्या ढिगात यातलं काही टिकत नाही, गार अर्धवट खतातच भुंगे अंडी घालतात.

पडीक_रान
कल्चरचं राहिलंच. उरलेलं आता टाकू का? ट्रायकोडर्माही (ती उपयोगी बुरशी) आणून ठेवलाय.

आकडेमोड
आता नको, ६० अंशांत ट्रायकोडर्मा टिकत नाही. ढीग उतरून ३५-४० वर आला आणि पलटी मारूनही परत तापेना झाला की मग टाका, ओल धरून ठेवा, त्यात तो छान वाढतो. कुजवायच्या कल्चरबद्दल माझं मत विचाराल तर ताज्या शेणात जिवाणूंची कमी नसते, मागच्या वेळचं चांगलं खत दोन पाट्या मिसळलं की पुरे. गांडुळंही गार झाल्यावरच. आणि जनावरांना जंताचं औषध दिलं असेल तर त्या दिवसांचं शेण गांडुळांच्या बेडला देऊ नका.

पडीक_रान
(अडीच महिन्यांनी) धागा वर आणतोय. ढीग निम्म्याहून खाली बसला. रंग काळपट, काड ओळखू येत नाही, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास. शेवटच्या पलटीनंतर तापला नाही. टाकू का रानात?

गोठ्यातून
वाचूनच बरं वाटलं! पण दोन परीक्षा घ्या. ओलसर मूठभर खत प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर ठेवा, उघडल्यावर आंबट किंवा झोंबणारा वास आला तर अजून कच्चं. दुसरी, एका कुंडीत नुसती माती, दुसऱ्या कुंडीत निम्मं खत निम्मी माती, दोन्हीत मुगाचे दहा-दहा दाणे, तीन आठवडे वाढू द्या. उगवण तर कळतेच, शिवाय पानं पेल्यासारखी वळली, शेंडा पिळवटला तर खतात तणनाशक आहे असं समजा. अमिनोपायरॅलिडसारखी काही तणनाशकं चाऱ्यातून जनावराच्या पोटात जाऊन शेणात जशीच्या तशी उतरतात आणि ढिगातही लवकर मोडत नाहीत. चारा किंवा काड बाहेरून आणत असाल तर ही परीक्षा चुकवू नका.

पडीक_रान
(दहा दिवसांनी) पिशवी पास झाली. मूग नुसत्या मातीत ९ उगवले, खताच्या कुंडीत ६, आणि ते ६ जरा बारीक आहेत. पानं सरळ आहेत.

आकडेमोड
मग तणनाशकाचं लक्षण तूर्त दिसत नाही, पण कुंड्या तीन आठवडे होईपर्यंत ठेवा. खत थोडं कच्चं आहे. मका पिवळा पडला होता तो याच्यामुळेच, अर्धवट काड मातीत गेलं की जिवाणू ते कुजवायला मातीतलंच नत्र उचलतात आणि पिकाला काही आठवडे उपाशी ठेवतात. आणखी महिनाभर ओल धरून, ताडपत्रीखाली, न हलवता मुरू द्या.

आणि टाकताना अपेक्षा नीट ठेवा. शेणखताचं सरासरी माप घेतलं तर एका टनात नत्र ५ किलो, स्फुरद (फॉस्फरस) दोन-अडीच, पालाश ५ च्या आसपास असतं, कंपोस्ट चांगलं असेल तर थोडं जास्त. त्यातलं नत्र पहिल्या हंगामात पिकाला पाव-तिसरा हिस्साच मिळतं, बाकी पुढच्या वर्षांत हळूहळू. म्हणून एकाच वर्षात बाकीची खतं एकदम बंद करू नका, माती तपासून दरवर्षी थोडी थोडी कमी करत जा. पसरलं की त्याच दिवशी वखर फिरवून मातीआड करा, उन्हात ढिगोळ्या ठेवून आठवडाभर सोडू नका.

पडीक_रान
(पाच आठवड्यांनी) परत मूग लावले होते. मातीत ९, खतात ९. उद्या सकाळी पसरतोय, वखर जुंपून तयार ठेवलाय. गोठ्यातला बिछान्याचा दुसरा ढीग लावून झालाय, आज ५८ अंश.